पारंपरिक मलय समाजातील शिक्षण

पारंपरिक मलय समाजातील शिक्षण म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळांचा प्रसार होण्यापूर्वी मलय भाषक समाजात रूढ असलेली ज्ञानदानाची व संस्कारांची व्यवस्था होय. मलय द्वीपकल्प, सुमात्राचा पूर्व किनारा, रियाउ द्वीपसमूह, बोर्निओचा किनारी भाग आणि आजच्या दक्षिण थायलंडमधील पातानी हे तिचे मुख्य क्षेत्र होते. या व्यवस्थेला मध्यवर्ती खाते, ठरावीक इयत्ता, परीक्षा किंवा प्रमाणपत्रे नव्हती. घर, कुराणपठण शिकविणाऱ्या गुरूची ओसरी, गावातील लहान प्रार्थनागृह ('सुराऊ'), निवासी धर्मपाठशाळा ('पोंडोक'), राजदरबार आणि कारागिरांची कामाची जागा ही तिची केंद्रे होती. ज्ञान प्रत्यक्ष गुरूकडून ग्रहण करावे व त्याची परिणती शिष्याच्या आचरणात दिसावी, अशी या सर्व केंद्रांतील समान धारणा होती. वसाहतकाळात शिक्षणाचे मोजमाप शाळांच्या संख्येवरून होऊ लागले, तेव्हा या व्यवस्थेचा बराचसा भाग गणनेबाहेर राहिला. तिच्यात काही गंभीर उणिवाही होत्या आणि त्यांवर पहिली परखड टीका मलय भाषेतील लेखकांनीच केली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मलय जगतातील विद्याव्यासंगाचा सर्वांत जुना लेखी पुरावा इस्लामपूर्व काळातील आहे. सुमात्रातील श्रीविजय हे राज्य सातव्या शतकात बौद्ध विद्येचे केंद्र होते. चिनी भिक्षू इत्सिंग हा इ.स. ६७१ मध्ये भारताकडे जाताना तेथे सुमारे सहा महिने राहिला व त्याने शब्दविद्येचा, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा, अभ्यास केला. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूंनी आधी एक-दोन वर्षे श्रीविजयात राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने दिला आहे. पालेंबांगजवळील केदुकान बुकित येथील शिलालेख (इ.स. ६८३) जुन्या मलय भाषेत असून त्याची लिपी पल्लव वळणाची आहे.

या काळाचा ठसा मलय भाषेतील शिक्षणविषयक शब्दांवर कायम राहिला. 'गुरु', 'बहासा' (भाषा), 'पुस्ताका' (पुस्तक), 'सास्तेरा' (शास्त्र, आज अर्थ साहित्य), 'बुदी' (बुद्धी, मलय अर्थ सद्‌वर्तन, सौजन्य), 'बिचारा' (विचार, अर्थ चर्चा, बोलणे) आणि 'पेंदेता' (पंडित) हे शब्द मूळ संस्कृत आहेत. एखाद्याकडे शिकायला जाणे यासाठी मलय भाषेत 'बरगुरु' असे क्रियापद आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'गुरू असणे' असा होतो.

इस्लामच्या प्रसारानंतर या शब्दसंपत्तीत 'इल्मू' (ज्ञान), 'किताब' (धर्मग्रंथ), 'मुरीद' (शिष्य), 'आदाब' (शिष्टाचार) अशा अरबी शब्दांची भर पडली. या संक्रमणाचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे तेरेंगानू येथील शिलालेख होय. तो सामान्यतः इ.स. १३०३ च्या सुमाराचा मानला जातो. काही अभ्यासक तो त्याच शतकात पुढे नेतात. हा लेख अरबी लिपीत लिहिलेल्या मलय भाषेत आहे, मात्र त्यात ईश्वरासाठी 'देवता मुलिया राया' असा संस्कृतोद्भव शब्दप्रयोग आढळतो. नवा धर्म जुन्या शब्दांतूनच शिकविला जात होता, हे यावरून दिसते. पुढे पासाई, मलाक्का (सुमारे १४०० ते १५११), आचे, पातानी व रियाउ ही मलय भाषेतील इस्लामी विद्येची केंद्रे झाली.

शिक्षणाची संकल्पना

मलय भाषेत 'आजार' या धातूचा अर्थ शिकविणे असा आहे. शिकणे ('बलाजार'), शिकविणे ('मंगाजार'), धडा ('पलाजारान') हे शब्द त्यापासूनच बनतात. उद्धट किंवा असभ्य व्यक्तीसाठी मलय भाषेतील अत्यंत कठोर शब्द 'कुरांग आजार' हा आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'शिकवण कमी पडलेला' असा होतो. हा दोषारोप व्यक्तीइतकाच तिच्या आईवडिलांवर व गुरूवर असतो आणि म्हणूनच तो जिव्हारी लागतो. निरक्षर मनुष्यही उत्तम 'शिकलेला' असू शकतो व बहुश्रुत मनुष्यही 'कुरांग आजार' ठरू शकतो, ही कल्पना या शब्दात अंतर्भूत आहे.

संस्कार कोवळ्या वयातच घडावेत, या अर्थाची बांबूच्या कोंबाची म्हण प्रसिद्ध आहे : बांबू वाकवायचा असेल तर तो कोंब असतानाच वाकवावा. अर्धवट विद्येविषयीही एक म्हण आहे. गुरूकडे जाऊन शिक्षण अर्ध्यावर सोडणे म्हणजे कळी धरूनही नीट न उमललेल्या फुलासारखे, असे ती सांगते. मलय समाजाशी निकटचे नाते असलेल्या सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांत 'पसरलेले विश्व हाच गुरू' अशी उक्ती रूढ आहे.

घर आणि मौखिक परंपरा

मुलाचे पहिले शिक्षण घरी होई. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकून जाणे, वस्तू उजव्या हाताने देणे, मोठ्यांचे बोलणे न तोडणे आणि नात्यानुसार योग्य संबोधन वापरणे हे त्यातील पहिले धडे होत. सर्वनामांचा वापर हा त्यातील अवघड भाग होता. कारण बरोबरीच्या, वडील, अनोळखी व राजघराण्यातील व्यक्तींशी बोलताना 'मी' आणि 'तुम्ही' यांसाठी निरनिराळे शब्द वापरावे लागत.

अंगाईगीते, कोडी, म्हणी व 'पांतुन' हे काव्य यांतून भाषेचे शिक्षण होई. पांतुन हे सामान्यतः चार चरणांचे असते. पहिल्या दोन चरणांत निसर्गातील किंवा दैनंदिन जीवनातील प्रतिमा येते, पुढील दोन चरणांत आशय येतो आणि यमक एकाआड एक चरणांत जुळते. थेट बोलणे अशिष्ट समजले जाई, अशा प्रसंगी पांतुनाचा उपयोग होई. विवाहाची बोलणी पांतुनांच्या देवाणघेवाणीने होत. त्यामुळे पांतुन रचता येणे हे प्रौढ व्यक्तीच्या शिक्षणाचे एक लक्षण मानले जाई.

'सांग कांचिल' या चतुर पिसोऱ्याच्या कथा मुलांत लोकप्रिय होत्या. वाघ, मगर यांसारख्या बलाढ्य प्राण्यांवर हा चिमुकला प्राणी युक्तीने मात करतो. प्रौढांसाठी 'पंगलिपुर लारा' (दुःख हलके करणारा) म्हणून ओळखला जाणारा कथेकरी गावोगावी दीर्घ कथा गाऊन सांगत असे. लिहिलेले ग्रंथही बहुधा मोठ्याने वाचून दाखविले जात. साक्षर व्यक्ती थोड्या असल्या, तरी एका वाचकाभोवती अनेक श्रोते जमत आणि ग्रंथातील मजकूर वाचता न येणाऱ्यांपर्यंतही पोहोचे.

कुराणपठण

साधारण सहा-सात वर्षांच्या मुलामुलींना कुराणपठण शिकण्यासाठी गुरूकडे पाठविले जाई. याला 'मंगाजी' म्हणतात. वर्ग गुरूच्या घरी, सुराऊत किंवा मशिदीत भरे. पालक मुलाला घेऊन गुरूकडे जात व त्याला औपचारिकपणे गुरूच्या स्वाधीन करीत. अनेक ठिकाणी सोबत वेताची छडीही दिली जाई. शिक्षा करावी, परंतु मुलाला अपंगत्व येईल असे मारू नये, अशा आशयाचे वचन पालक त्या वेळी उच्चारीत.

अभ्यासाचा आरंभ अक्षरओळखीने होई. मराठी बाराखडीप्रमाणे येथेही प्रत्येक व्यंजनाला स्वरचिन्हे लावून त्यांचे उच्चार तालावर घोकले जात. 'अलिफ'च्या वर चिन्ह असता 'अ', खाली असता 'इ' व पुढे असता 'उ', असा हा क्रम असे. त्यानंतर 'मुकद्दम' या पुस्तिकेतून कुराणातील छोटे अध्याय शिकविले जात व पुढे संपूर्ण कुराणाचे पठण होई. नारळाच्या झावळीतील हिराची काडी ओळीवर फिरवीत मूल वाची. प्रत्येक मूल स्वतःच्या गतीने पुढे जाई. सर्वांनी एकच धडा एकाच वेळी शिकण्याची पद्धत नव्हती. पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत.

गुरूला ठरावीक वेतन नसे. तांदूळ, कापड, सणाच्या वेळचे दान व रमजानअखेरचा 'जकात फित्रा' यांतून त्याचा निर्वाह होई. मुले पाणी भरणे, सरपण आणणे, शेतात मदत करणे अशी कामे करीत. ही कामे अभ्यासाव्यतिरिक्तची मानली जात नसत. गुरुसेवा हा शिक्षणाचाच भाग होता.

संपूर्ण कुराण वाचून झाल्यावर 'खतम कुराण' हा समारंभ होई. त्यात मूल गुरूसमोर व जमलेल्या गावकऱ्यांसमोर पठण करी. हळदीने रंगविलेला चिकट तांदळाचा भात ('पुलुत कुनिंग') व उकडलेली अंडी वाटली जात. मुलांच्या बाबतीत हा समारंभ अनेकदा सुंतेच्या विधीस जोडून, तर मुलींच्या बाबतीत विवाहाच्या वेळी होई. एखाद्या शिक्षणटप्प्याची सार्वजनिक नोंद करणारा पारंपरिक मलय समाजातील हाच सर्वांत व्यापक विधी होता.

जावी लिपी

अरबी लिपीत मलय भाषा लिहिण्याच्या पद्धतीस 'जावी' म्हणतात. अरबीत नसलेल्या 'च', 'ङ', 'प', 'ग' आणि 'ञ' या ध्वनींसाठी मूळ अक्षरांना टिंबे जोडून नवी अक्षरे तयार करण्यात आली. कुराण वाचता येणाऱ्या मुलाला जावी अक्षरे परिचित असत; परंतु मलय मजकूर वाचणे व लिहिणे हे निराळे कौशल्य होते. कुराणात स्वरचिन्हे असतात, तर जावीत ती बहुधा गाळली जातात. त्यामुळे शब्द आधी माहीत असल्याशिवाय तो बिनचूक वाचता येत नाही. पत्रलेखन, करारपत्रे व हस्तलिखितांच्या नकला यांसाठी लागणारे हे शिक्षण सर्वांना मिळत नसे. लेखनाचा सराव धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या फळीवर केला जाई.

पोंडोक

उच्च धार्मिक शिक्षणाची प्रमुख संस्था म्हणजे पोंडोक. हा शब्द मूळ अरबी 'फुंदुक' (उतरण्याची जागा) या शब्दावरून आला असून त्याचा मलय अर्थ झोपडी असा आहे. विद्वान गुरूच्या घराभोवती व सुराऊभोवती विद्यार्थी स्वतःच्या लहान झोपड्या बांधून राहत. त्यावरून हे नाव पडले. पातानी, केलांतान, तेरेंगानू व केदा येथे पोंडोकची परंपरा विशेष समृद्ध होती. आचेमधील 'दायाह', मिनांगकाबाऊ प्रदेशातील 'सुराऊ' व जावा बेटावरील 'पसांत्रेन' या तिच्याशी साधर्म्य असणाऱ्या संस्था होत.

पोंडोकच्या प्रमुखास आदराने 'तोक गुरु' म्हणत. विद्यार्थी त्याच्याभोवती अर्धवर्तुळात बसत. गुरू ग्रंथातील वाक्य वाची, त्याचा अर्थ सांगे व विवरण करी. विद्यार्थी आपल्या प्रतीत ओळींच्या मधल्या जागेत टिपा लिहीत. ईश्वरशास्त्र, धर्मविधी व कायदा, कुराणभाष्य, हदीस, सूफी नीतिशास्त्र आणि अरबी व्याकरण हे मुख्य विषय होते. मुख्य पाठानंतर ज्येष्ठ विद्यार्थी कनिष्ठांची उजळणी घेई. शिक्षणाचा कालावधी निश्चित नसे. काही विद्यार्थी एखाददुसरा ग्रंथ शिकून घरी परतत, तर काही जण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राहत. विशिष्ट ग्रंथासाठी प्रसिद्ध असलेल्या गुरूकडे जाण्यासाठी पोंडोक बदलण्यासही आडकाठी नव्हती. गुरूने एखादा ग्रंथ शिकविण्याची अनुज्ञा ('इजाजा') देणे हीच पात्रतेची खूण होती. त्या अनुज्ञेबरोबर गुरूच्या गुरूंची परंपराही सांगितली जाई.

पोंडोकमध्ये शिकविले जाणारे अनेक ग्रंथ मलय भाषेत व जावी लिपीत होते. नुरुद्दीन अल-रानिरी (मृत्यू १६५८) याचा 'सिरातुल मुस्तकीम' हा धर्मविधींवरील ग्रंथ त्यांपैकी एक होय. हा लेखक मूळचा गुजरातमधील सुरतेजवळच्या रांदेरचा. तो १६३७ मध्ये आचेच्या दरबारात आला. पश्चिम भारताच्या किनाऱ्याशी मलय विद्येचा असलेला संबंध त्याच्या चरित्रातून स्पष्ट होतो. आचेचा अब्दुर्रऊफ अल-सिंकिली (मृत्यू १६९३) याने मलय भाषेतील पहिले संपूर्ण कुराणभाष्य लिहिले. बोर्निओचा मुहम्मद अर्शद अल-बंजारी (१७१०–१८१२) याचा 'सबीलुल मुहतदीन' आणि पातानीचा दाऊद अल-फतानी याचे अनेक ग्रंथ पुढे सर्वत्र वापरात आले.

पोंडोकमधील अध्ययनाचा पुढचा टप्पा मक्का हा होता. तेथील प्रमुख मशिदीत मलय भाषेतूनही पाठ चालत. १८८४ मध्ये मक्केतील उस्मानी सरकारी छापखान्यात मलय विभाग सुरू झाला व त्याची देखरेख अहमद अल-फतानी (१८५६–१९०८) या पातानीच्या विद्वानाकडे आली. छापील प्रतींमुळे ग्रंथांच्या नकला करण्याचे कष्ट कमी झाले. अहमद अल-फतानी याचा शिष्य तोक केनाली (१८६८–१९३३) याने केलांतानमध्ये परतून स्थापन केलेले पोंडोक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिशय प्रसिद्ध होते.

दरबारी शिक्षण

राजपुत्र व सरदारपुत्र यांना कुराण व धर्मशास्त्राबरोबरच राजनीती, शिष्टाचार, पत्रव्यवहार, घोडे व हत्तींवर बसणे आणि शस्त्रविद्या शिकविली जाई. आचे येथे १६०३ मध्ये बुखारी अल-जौहरी याने रचलेला 'ताजुस सलातिन' हा ग्रंथ राज्यकर्त्यांच्या शिक्षणासाठी दीर्घकाळ वापरला गेला. मलाक्काच्या सुलतानांचा इतिहास सांगणाऱ्या 'सजाराह मलायु' या ग्रंथात दरबारातील अध्ययनाच्या अनेक कथा आहेत. त्या शब्दशः इतिहास नसल्या, तरी त्या काळच्या धारणा त्यांतून कळतात.

त्यातील एका कथेनुसार सुलतान महमूद हत्तीवर बसून लवाजम्यासह धर्मशास्त्र शिकण्यास गेला, तेव्हा गुरूने दार बंद करविले. नंतर तो साधेपणाने, स्वतःस फकीर म्हणवीत आला, तेव्हा त्याला प्रवेश मिळाला. ज्या समाजात राजद्रोह हे महापाप होते, त्या समाजात गुरूचा उंबरठा राजालाही वाकायला लावतो, असे ही कथा सांगते. दुसऱ्या कथेत एका सरदाराला अरबी उच्चार जमत नाहीत म्हणून परदेशी गुरू चिडतो. तेव्हा तो सरदार गुरूलाच हळदीसाठीचा 'कुन्यित' यांसारखे साधे मलय शब्द उच्चारायला लावतो आणि गुरूची जीभही अडखळते. परभाषेतून शिकण्याची अडचण मलय समाजाला पूर्वीपासून जाणवत होती, हे या विनोदातून दिसते.

रियाउमधील पन्येंगात हे छोटे बेट एकोणिसाव्या शतकात दरबारी विद्येचे केंद्र होते. तेथील राजा अली हाजी याने उपदेशपर काव्य, इतिहास, मलय व्याकरण व शब्दकोश अशा विविध प्रकारांत लेखन केले. मलय भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव त्याच्या ग्रंथांतून प्रकर्षाने व्यक्त होते.

व्यवसाय, कला व शस्त्रविद्या

उपजीविकेचे शिक्षण निरीक्षणातून व प्रत्यक्ष कामातून होई. भातशेती, मासेमारी, लोहारकाम, लाकडावरील कोरीवकाम, जरीचे 'सोंगकेत' विणणे, सुईणीचे काम आणि वैदूगिरी ही ज्ञाने बहुधा कुटुंबात किंवा गुरुशिष्य परंपरेने चालत. तेरेंगानूतील पुलाऊ दुयोंग येथील नौकाबांधणी हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील कारागीर कागदावर आराखडा न काढता नौका बांधीत. आधी बाहेरच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडीत व नंतर आतील आधार बसवीत. सर्व प्रमाणे कारागिराच्या स्मरणात असत. पूर्व किनाऱ्यावरील मासेमारांत 'जुरु सलाम' हा तज्ज्ञ पाण्याखाली कान देऊन माशांच्या थव्याचा ठाव घेई. असे ज्ञान केवळ सहवासाने मिळणारे होते.

'सिलात' ही युद्धकला 'गलांगांग' या मोकळ्या मैदानात शिकविली जाई. प्रवेशाच्या वेळी शिष्य गुरूला पांढरे कापड, लिंबे, सुई-दोरा यांसारख्या वस्तू अर्पण करी. या वस्तू शाखेनुसार बदलत. शिकलेले डावपेच भांडणासाठी न वापरण्याची शपथ घेतली जाई. केलांतानच्या छायाबाहुल्यांच्या खेळाचा ('वायांग कुलित') सूत्रधार 'दालांग' हाही दीर्घ शिष्यत्वातून तयार होई. या खेळातील मुख्य कथानक रामकथेच्या मलय रूपावर आधारलेले आहे. ते तोंडपाठ करण्याबरोबरच पात्रांचे आवाज व वाद्यवृंदाचे संचालन त्याला शिकावे लागे.

मुलींचे शिक्षण

कुराणपठण मुलींनाही शिकविले जाई आणि गावोगावी स्त्रिया हे शिक्षण देत. वयात आल्यावर मात्र मुलींचा वावर घरापुरता मर्यादित होई. पाककला, विणकाम, चटया विणणे, बालसंगोपन व आदरातिथ्य हे त्यांच्या शिक्षणाचे विषय होत. पोंडोकमधील उच्च अध्ययन प्रामुख्याने पुरुषांचेच राहिले. लेखन शिकलेल्या स्त्रिया मुख्यत्वे राजघराण्यांत व विद्वानांच्या कुटुंबांत आढळतात.

अब्दुल्ला मुनशी याची टीका

मलाक्का येथे जन्मलेला लेखक अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर मुनशी (मृत्यू १८५४) याचे 'हिकायत अब्दुल्ला' हे आत्मचरित्र १८४९ मध्ये सिंगापूर येथे छापले गेले. पारंपरिक शिक्षणाचे ते एक अमूल्य साधन आहे. त्याची आजी मलाक्कातील नामांकित शिक्षिका होती व तिच्याकडे सुमारे दोनशे मुले-मुली शिकत, असे तो सांगतो. बोटे चिमटणारे वेताचे साधन, पळून जाणाऱ्या मुलाच्या कमरेला साखळीने अडकविलेला ओंडका अशा शिक्षांचे वर्णनही त्याने केले आहे.

तथापि त्याचा मुख्य आक्षेप शिक्षांविषयी नव्हता. मुले वर्षानुवर्षे कुराण वाचतात, पण त्यांना अर्थ कळत नाही. आणि मलय भाषा आपलीच आहे म्हणून ती शिकण्याची गरज नाही, असे लोक मानतात, ही त्याची तक्रार होती. इंग्रज व अन्य लोक आपापल्या भाषा शाळेत शिकतात, मग मलय लोकांनी का शिकू नये, असा त्याचा प्रश्न होता. रॅफल्स व ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्याशी असलेल्या त्याच्या संबंधांमुळे ही टीका पाश्चात्त्य दृष्टीची असल्याचे काही अभ्यासक म्हणतात. परंतु पन्येंगातच्या राजा अली हाजी यानेही मलय भाषेच्या शिस्तबद्ध अभ्यासाचाच आग्रह धरला, हेही लक्षात घ्यावे लागते. पठण आणि आकलन यांतील अंतर ही या व्यवस्थेची खरी उणीव होती. पोंडोकने ती काही विद्यार्थ्यांपुरती भरून काढली; बहुसंख्य मुलांचे शिक्षण मात्र खतम कुराणापाशी थांबे.

वसाहतकालीन बदल

ब्रिटिशांच्या ताब्यातील स्ट्रेट्स सेटलमेंट्समध्ये १८७२ मध्ये ए. एम. स्किनर हा शाळा निरीक्षक झाला. सरकारी शाळेत मुले पाठविल्यास ती ख्रिस्ती होतील, अशी भीती पालकांत होती. स्किनरने कुराणवर्गांचाच आधार घेऊन मलय शाळा उभारल्या. सकाळी सरकारी खर्चाने मलय वाचन, लेखन व अंकगणित आणि दुपारी पालकांच्या खर्चाने कुराण, अशी विभागणी झाली. या तडजोडीमुळे शाळा वाढल्या. परंतु पूर्वी एकसंध असलेल्या शिक्षणाचे 'धार्मिक' व 'ऐहिक' असे दोन भाग पडले. गुरू व शाळामास्तर या दोन निराळ्या व्यक्ती झाल्या.

या शाळांचे ध्येय मर्यादित होते. १९२० मध्ये मलय संघराज्यांचा मुख्य सचिव जॉर्ज मॅक्सवेल याने कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलास त्याच्या वडिलांपेक्षा अधिक जाणता कोळी किंवा शेतकरी बनविणे, हे सरकारचे उद्दिष्ट असल्याचे नमूद केले. आर. ओ. विन्स्टेट याच्या शिफारशींनुसार प्राथमिक अभ्यासक्रमात टोपल्या विणणे व बागकाम यांवर भर देण्यात आला. परंपरेत घरच्या घरी मिळणारी कौशल्ये शाळेत आली आणि इंग्रजी शिक्षण व त्यामुळे मिळणाऱ्या नोकऱ्या बहुसंख्य ग्रामीण मुलांच्या आवाक्याबाहेर राहिल्या. दुसरीकडे अभिजनांच्या मुलांसाठी १९०५ मध्ये क्वाला कांगसार येथे इंग्रजी माध्यमाचे मलय कॉलेज सुरू झाले. आर. जे. विल्किन्सन याच्या पुढाकाराने १९०४ मध्ये मलय भाषेसाठी रोमन लिपीतील ('रुमी') लेखनपद्धती ठरविण्यात आली व जावीचे क्षेत्र हळूहळू आकुंचित झाले.

१९२२ मध्ये तांजुंग मालिम येथे स्थापन झालेल्या सुलतान इद्रिस प्रशिक्षण महाविद्यालयाचा परिणाम मात्र शासनाच्या अपेक्षेपलीकडचा होता. ग्रामीण भागातून आलेले भावी शिक्षक तेथे मलय भाषा, इतिहास व साहित्य यांचा अभ्यास करू लागले. तेथील विद्यार्थ्यांतून लेखक, पत्रकार व राष्ट्रवादी कार्यकर्ते निर्माण झाले. १९३८ मध्ये 'कसातुआन मलायु मुदा' ही राजकीय संघटना स्थापन करणारा इब्राहीम हाजी याकूब हा याच महाविद्यालयाचा विद्यार्थी होता.

मदरसा चळवळ

विसाव्या शतकाच्या आरंभी मक्का व कैरो येथून परतलेल्या सुधारकांनी पोंडोक पद्धतीची चिकित्सा केली. सिंगापूर येथून निघणाऱ्या 'अल-इमाम' (१९०६–१९०८) या नियतकालिकाने आधुनिक धार्मिक शाळांचा पुरस्कार केला. शेख ताहिर जलालुद्दीन (१८६९–१९५६) व सय्यद शेख अल-हादी (१८६७–१९३४) हे या विचाराचे अग्रणी होते. इयत्ता, वेळापत्रक, बाक, फळा, परीक्षा तसेच गणित, भूगोल व इंग्रजी हे विषय यांचा समावेश असलेले मदरसे सिंगापूर, पिनांग व अन्यत्र निघाले. सुधारकांना 'काउम मुदा' (तरुण पक्ष) व परंपरानिष्ठांना 'काउम तुआ' (वृद्ध पक्ष) म्हणत. दोन्ही पक्षांतील वादाचा गाभा शिक्षणविषयक होता : गुरूचे वचन प्रमाण मानून शिकावे की मूळ ग्रंथांकडे स्वतःच्या बुद्धीने जावे. अनेक पोंडोकांनी पुढे मदरशांची रचना स्वीकारली.

सद्यःस्थिती व मूल्यमापन

स्वातंत्र्योत्तर मलेशियात राष्ट्रीय शाळांचे जाळे उभे राहिले आणि १९६३ च्या राष्ट्रभाषा कायद्याने मलय भाषेसाठी रुमी ही अधिकृत लिपी ठरली; जावीच्या वापरास मनाई मात्र करण्यात आली नाही. २००५ पासून सरकारी प्राथमिक शाळांत कुराणपठण, जावी व अरबी यांचा समावेश असलेला कार्यक्रम राबविला जातो. केलांतान व केदा येथे काही पोंडोक आजही चालू आहेत. दक्षिण थायलंडमध्ये १९६० च्या दशकात शासनाने पोंडोकांना नोंदणी करून खासगी इस्लामी शाळांत रूपांतरित होण्यास भाग पाडले. तेथे पोंडोक व जावी यांचा प्रश्न मलय अस्मितेशी जोडलेला आहे. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत सिलात (२०१९), पांतुन (२०२०) व सोंगकेत (२०२१) यांचा समावेश झाला आहे.

या व्यवस्थेने सर्वांना लिहिणे-वाचणे शिकविले नाही आणि मुलींना उच्च अध्ययनापासून दूर ठेवले. ठरावीक शुल्क नसल्यामुळे गरीब विद्यार्थ्यासही पोंडोकमध्ये शिकता येत असे. परंतु गुरूच्या अधिकारास प्रश्न विचारण्याची मुभा कमी होती. दुसऱ्या बाजूस, मध्यवर्ती सत्तेच्या आधाराशिवाय तिने कित्येक शतके एक लिपी, विपुल ग्रंथसंपदा आणि पातानीपासून मक्केपर्यंत पसरलेले विद्वानांचे संबंध टिकवून धरले. वसाहतकालीन शाळांनी साक्षरता वाढविली, पण तिचे उद्दिष्ट शेतकऱ्याचा मुलगा शेतकरीच राहावा इतके आखूड ठेवले. आजच्या मलय भाषेत शाळेसाठी 'सकोलाह' हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द रूढ आहे. शिक्षकासाठी मात्र 'गुरु' हाच शब्द वापरला जातो.